टेनर सॅक्स घेऊन बर्लिनला येतोस, तर...

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात हॉटेलांतून चार वर्षं टेनर वाजवतोयस, इंजिनिअरिंगची डिग्री कपाटात पडलीय, बर्लिनला थेट कलाकाराच्या परवान्यावर यावं की शिकायला, आणि इथे आपलं माणूस कोणी भेटतं का. मी इथे नऊ वर्षं डबल बास वाजवतोय. कळलंय तेवढं सांगतो.

शिकायलाच ये. फ्रीलान्स परवाना मिळतो, पण त्यासाठी ‘याला आम्ही काम देऊ’ अशी पत्रं जोडावी लागतात. तुला इथे कुणी ऐकलेलंच नाही, तर पत्र देणार कोण? सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, फक्त सहामाही वर्गणी. मानहाइम, स्टुटगार्ट धरलंस तर मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सहामाहीला 1,500 युरो पडतात. बर्लिनचं जॅझ इन्स्टिट्यूट उत्तम, पण जागा मूठभर, म्हणून कलोनलाही अर्ज टाक. तिथे डब्ल्यूडीआर या सार्वजनिक रेडिओ-टीव्ही संस्थेचा पगारी बिग बँड (मोठा जॅझ वाद्यवृंद) आहे, लॉफ्टसारखी मैफलींची जागा आहे. व्हिसासाठी राखीव खात्यात सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. ते घरच्यांशी आत्ताच बोल.

एक खाच कुणी सांगत नाही. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस नोकरी करता येते. पण कॅफेत कप विसळणं वेगळं आणि क्लबात वाजवून स्वतःच्या नावाचं बिल देणं वेगळं. असं बिल देणं हा स्वतंत्र व्यवसाय, त्याला वेगळी परवानगी लागते. मला हे पहिलं बिल दिल्यावर कळलं, आणि पुढचे दोन महिने पोटात गोळा होता.

पैशांचं विचारलंस. माझी पहिली गिग, म्हणजे वाजवण्याचं काम, बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातल्या एका दारूच्या बारमध्ये झाली, टोपी फिरवून. चौघांत वाटणी झाल्यावर हातात 27 युरो. आजही माझं घरभाडं निघतं ते शिकवण्यांतून. शिक्षण संपून फ्रीलान्स झालास की ‘केएसके’त, म्हणजे कलाकारांच्या सामाजिक विमा निधीत, अर्ज कर. आरोग्य आणि पेन्शनच्या विम्याचा निम्मा हप्ताच आपल्याला भरावा लागतो. कलेतून वर्षाला 3,900 युरोंच्या वर कमाई लागते, पण नवख्यांना पहिली तीन वर्षं ती अट नाही. या एका सोयीवर इथले किती वादक तगून आहेत!

आता माणसांचं. बर्लिनचे जॅझ क्लब असे: शार्लोटनबुर्गात ए-ट्रेन, मिट्टेत बी-फ्लॅट, नॉयक्योल्नमध्ये डोनाऊ 115. आधी नुसता ऐकायला जा, मग जॅमला, म्हणजे कुणीही येऊन वाजवावं अशा खुल्या मैफलीला, उभा राहा. माझ्या पहिल्या जॅमला ‘ऑल द थिंग्ज यू आर’ निघालं. हे गाणं नेहमीसारखं 32 बारांचं (बार म्हणजे तालाचा एक मोजका तुकडा) नाही, 36 चं आहे. शेवटच्या भागात चार बार जास्त. घरी हजारदा वाजवलेलं, पण तिसऱ्या फेरीत मी चार बार आधीच गाण्याच्या सुरुवातीला परतलो. सम चुकलेल्या तबलजीसारखी अवस्था. आणि बासवाला चुकला की सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. ड्रमवरच्या बाईंनी माझ्याकडे बघत पहिल्या मात्रेवर झांज दणकन हाणली, मी जागेवर आलो. सेट संपल्यावर तोंड लपवून मागच्या दाराने सटकलो. पुढच्या आठवड्यात त्याच बाई म्हणाल्या, “पळालास कुठे? शनिवारी एका लग्नाला बासवाला हवा होता, आम्ही तुला शोधत होतो.” 200 युरोंचं काम गेलं. चुकीसाठी नाही, थांबलो नाही म्हणून.

तेव्हा सोलो कितीही तयार असू दे, तू दुसऱ्याच्या गाण्यात काय करतोस हे लोक बघतात. आपल्याकडे साथीदाराची जी किंमत जाणकार करतात, तीच इथे. गायक गात असताना टेनर गप्प ठेवता येतो का? आठ तास गाडीतून याच्याबरोबर जाता येईल का? बोलावणं त्यावर येतं.

आणि नोटेशन वाचायला शीक. तुझ्या मेसेजमधला ‘कानाने भागतं’ वाचून मी कपाळाला हात लावला. मुंबईच्या सिनेमा वाद्यवृंदांत गोव्याचे वादक एवढे का होते? चर्चच्या शाळांत त्यांना लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलेलं होतं. संगीतकार सी. रामचंद्रांकडे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, सेबास्टियन डिसोझा दुसऱ्यांच्या चालींचे वाद्यमेळ लिहीत. इथे बिग बँडमध्ये बदली म्हणून बोलावतात तेव्हा कागद समोर येतो तो थेट रंगमंचावर.

भारतीय आहेस म्हणून पहिल्याच महिन्यात कुणी तरी ‘सितारबरोबर काही करू या’ म्हणेल. हवं तर कर. मला ते दोन वर्षांत बेचव झालं, कारण मला बोलावत होते ते बासासाठी नाही, कुर्त्यासाठी.

मराठी माणसांना जॅझमधलं काही कळत नाही असं धरून मी तीन वर्षं गणपतीला गेलो नाही. हा शुद्ध माज. गेलो तेव्हा मोदकांच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, “आमच्या धाकटीला पियानो शिकवशील का?” माझे चार विद्यार्थी त्या रांगेतून आले, आणि आजारी पडलो तेव्हा वरणभाताचा डबाही.

घर बघताना भिंत ठोकून बघ. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते आणि टेनर तीन मजले ऐकू जातो. मी बास घेऊन जिना चढतो तेव्हाच खालच्या आजी दार उघडून घड्याळ दाखवतात.

अर्जाआधी मला दोन रेकॉर्डिंग पाठव: एक ब्लूज, एक संथ बॅलड. फोनवर केलेलं चालेल. मागे बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, मात्र नको, माणसं हवीत.