रावेर-भुसावळ फेरी: ट्रकपेक्षा ट्रॅक्टर डिझेल जास्त का पितो?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की तेवढंच वजन ओढताना ट्रॅक्टर-ट्रॉली ट्रकपेक्षा जास्त डिझेल का पिते, आणि पंप-नोझल (इंजिनात डिझेल सोडणारे भाग) खोलायचे का. पंप राहू द्या, आधी चाकं बघा.

लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट (वीजबिलातलं तेच युनिट, kWh) ऊर्जा असते. त्यातली चाकापर्यंत पोचते तीनच्या आसपास, बाकी रेडिएटर नि सायलेन्सरमधून जाते. ट्रकच्या नीट हवा भरलेल्या टायरवर १० टन (गाडीसकट) सपाट डांबरावर किलोमीटरभर लोटायला पाव युनिटच्या आत लागतं; वेग वाढला की हवेचा अडथळा वेगळा. रुळावर लोखंडी चाक जवळपास दबतच नाही, म्हणून तेच वजन याच्या पाचव्या हिश्श्यात सरकतं. ट्रॅक्टरचं मागचं दातांचं टायर मात्र चिखलासाठी बनलेलं. डांबरावर त्याचा प्रत्येक दात दबतो, मुरडतो, तापतो. ती उष्णता म्हणजे तुमचंच डिझेल.

नांगरटीला हवा कमी केली असेल तर रस्त्यावर येण्याआधी कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत भरा. गेज लावून, टायरवर काठी मारून कळत नाही.

मग ट्रॉली. भरलेली ट्रॉली ५-६ किमी चालवून थांबा आणि प्रत्येक हबजवळ (चाकाचा मधला भाग) तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच हब जास्त गरम लागला तर ते चाक घरी जॅकवर उचलून फिरवा. लगेच थांबलं तर बेअरिंग जास्त कसलंय, ग्रीस सुकलंय किंवा ब्रेक चिकटतोय. अनेकांचं डिझेल इथंच जातं, आणि बदलून येतात नोझल!

गिअर शक्य तितका वरचा, थ्रॉटल कमी. ओढताना काळा धूर निघाला की एक गिअर खाली. हलक्या लोडलाही काळा धूर असेल तर एअर फिल्टर बघा. काळ्या मातीच्या धुळीत ऑइल-बाथ (तेलाच्या एअर फिल्टरचं भांडं) लवकर गाळाने भरतो. तेल खुणेपर्यंतच हवं.

कन्नड घाट चढायचा असेल तर हिशोब वेगळा: १० टन १०० मीटर वर न्यायला सपाट रस्त्याच्या खर्चावर आणखी पाऊण-एक लिटर. उतरताना त्यातलं काही टाकीत परत येत नाही. रेल्वेचं थ्री-फेज मोटरचं विजेचं इंजिन ब्रेक लावताना वीज तारेत परत देतं, ही सोय आपल्याकडे नाही. उतारावर आपली बचत एवढीच: न्यूट्रलवर उतरू नका. गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की डिझेल जवळपास बंदच होतं.

फरक मोजायचा तर टाकी फुल ते फुल, त्याच पेट्रोल पंपावर, तेवढ्याच मालाच्या तीन फेऱ्या.