ॲल्युमिनियमच्या टेन्साइल टेस्टमध्ये यंग्ज मॉड्युलस ६९ ऐवजी २४ गिगापास्कल का येतो? माल डुप्लिकेट आहे का?

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: क्यूबसॅटच्या (छोट्या उपग्रहाच्या) सांगाड्यासाठी आणलेल्या ६०६१-टी६ (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, टी६ म्हणजे उष्णतेनं कडक केलेलं टेम्पर) शीटचा स्पेसिमेन (नमुना-पट्टी: रुंदी १२.५ मिमी, जाडी ३ मिमी, समांतर लांबी ५७ मिमी) कॉलेजच्या ४०० किलोन्यूटन यूटीएमवर (ओढून तपासणाऱ्या मशीनवर) ओढला. १५० मेगापास्कलला मशीन ०.३५ मिमी सरक दाखवतं. यंग्ज मॉड्युलस (धातूचा ताठपणा) म्हणजे स्ट्रेस (क्षेत्रफळामागे भार) भागिले स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात वाढ). तो भागाकार केला की २४ येतात, पुस्तकात ६९ आहेत. दुकानदारानं फसवलं का?

नाही. दुकानदाराला फोन करू नका. मिश्रधातू बदलला, टेम्पर बदलला, तरी ॲल्युमिनियमचा मॉड्युलस ७०च्या आसपासच राहतो. टी६ ऐवजी साधा मऊ माल दिला असता तर यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जायला लागतो) कमी आलं असतं, मॉड्युलस नाही. मॅग्नेशियमसुद्धा ४५ गिगापास्कलचं असतं आणि शिसं १६च्या आसपास. २४ गिगापास्कलचं ॲल्युमिनियम बाजारात कुणी विकूच शकत नाही, म्हणजे गडबड मोजण्यात आहे.

हिशेब उलटा करून बघा. १५० मेगापास्कल भागिले ६९ गिगापास्कल म्हणजे स्ट्रेन ०.००२१७. ५७ मिमीवर ती ०.१२४ मिमी होते. तुमचं मशीन ०.३५ दाखवतंय. वरचे ०.२३ मिमी तुमच्या स्पेसिमेनच्या मधल्या भागाचे नाहीतच. पट्टी धरणाऱ्या जॉचे दात मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, जॉच्या वेजेस (पाचरी) आपल्या खाचेत थोड्या वर सरकतात, स्पेसिमेनची रुंद टोकं ताणली जातात, लोड सेल (भार मोजणारा भाग) आणि मशीनचे कॉलम थोडेथोडे लवतात. या सगळ्यांची बेरीज मशीनची सरक मोजणारा एन्कोडर दाखवतो आणि आपण ती ५७ने भागतो. सळईची टेस्ट घेणाऱ्या सिव्हिलवाल्यांना याची झळ लागत नाही, कारण त्यांना अल्टिमेट लोड (पट्टीनं पेललेला सर्वांत जास्त भार) आणि तुटल्यावरची लांबी हवी असते. तुमच्याही टेस्टमधला अल्टिमेटचा आकडा लोड कॅलिब्रेशन ठीक असेल तर वापरता येईल. फक्त मॉड्युलस फेकून द्या.

काही जण इथं एक पळवाट काढतात: ६९ला २४ने भागून 'करेक्शन फॅक्टर' काढायचा आणि सगळ्या ग्राफला लावायचा. माझ्या मते हा रिपोर्टमधला सर्वांत वाईट प्रकार. जे मोजायचं तेच आधी गृहीत धरलं तर टेस्ट कशाला घेतली? आणि ग्रिपची घसरण प्रत्येक स्पेसिमेनला वेगळी असते, त्यामुळे एकाचा फॅक्टर दुसऱ्याला लागू होत नाही.

क्लिप-ऑन एक्स्टेन्सोमीटर (थेट स्पेसिमेनवर चिमटून लांबीतली वाढ मोजणारं उपकरण) मिळत असेल तर प्रश्न तिथंच संपला. ५० मिमी गेज लेंग्थवर (ते मोजतं त्या लांबीवर) त्याला ०.१०९ मिमी दिसायला हवं. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्याकडच्या लॅबमध्ये ५० किंवा १०० किलोन्यूटनचं छोटं मशीन आणि एक्स्टेन्सोमीटर दोन्ही मिळेल का, ते विचारा. तुमचा लोड जेमतेम ५.६ किलोन्यूटन आहे, ४०० किलोन्यूटनच्या मशीनवर तो दीड टक्काही नाही. मशीनच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर सर्वांत खालचा तपासलेला लोड बघा. तुमचा लोड त्याच्याही खाली असेल तर स्ट्रेन कितीही नीट मोजा, स्ट्रेसच संशयित राहील.

एक्स्टेन्सोमीटर नसेल तर स्ट्रेन गेज (धातूला चिकटवायची पातळ पट्टी, ताणली की तिचा विद्युत रोध बदलतो). बहुतेक मुलं एक गेज, तीन साधे रेझिस्टर आणि एचएक्स७११ (ब्रिजचा बारीक व्होल्टेज आकड्यात देणारा) बोर्ड अशी क्वार्टर ब्रिज (चार भुजांचं सर्किट, एकाच भुजेत गेज) करतात आणि मग आकडा थांबतच नाही. कारण साधं आहे. रेझिस्टरचा तापमान गुणांक १०० पीपीएम (दर अंशाला दहा लाखात १००) असेल तर एका अंशाला साधारण ५० मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचे दहा लाखावे भाग) खोटे मिळतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या लॅबमध्ये कूलरचा झोत टेबलावर आला-गेला की चार-पाच अंश सहज हलतात. म्हणजे २००-२५० मायक्रोस्ट्रेन, तुमच्या एकूण २१७०च्या सुमारे दहा टक्के.

म्हणून चार गेज घ्या, ३५० ओमचे, ॲल्युमिनियमसाठी तापमान जुळवलेले. दोन स्पेसिमेनवर, पुढून आणि मागून, बरोबर समोरासमोर. उरलेले दोन त्याच शीटच्या एका मोकळ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा स्पेसिमेनला लागूनच ठेवा, पण त्याच्यावर ताण येऊ देऊ नका. ब्रिजमध्ये ताणाचे दोन गेज समोरासमोरच्या भुजांत आणि मोकळे दोन उरलेल्या भुजांत. तापमान कटतं, साधे रेझिस्टर लागत नाहीत आणि वाकही कटतो. वाक किरकोळ समजू नका: पट्टी जॉमध्ये जाडीच्या दिशेनं ०.१ मिमी जरी मध्यरेषेपासून सरकली, तरी ३ मिमी जाडीला एका बाजूची स्ट्रेन २० टक्के जास्त आणि दुसऱ्या बाजूची २० टक्के कमी येते. एकाच बाजूला गेज लावून आलेला ५८ किंवा ८६ हा आकडा बऱ्याचदा याचाच असतो. १२० ओमचे गेज टाळायचं कारण करंट. एचएक्स७११च्या नेहमीच्या बोर्डवर ब्रिजला साधारण ४.३ व्होल्ट मिळतात, १२० ओमची ब्रिज त्यातून ३६ मिलिअँपिअर ओढते, ३५०ची १२.

चिकटवण्यात घाई नको. जागा ॲसिटोननं पुसा, मग ३२०चा आणि नंतर ४००चा पॉलिश पेपर. चकचकीत करायची नाही, एकसारखी मंद करायची. रेघा ४एच पेन्सिलनं आखा, सुईनं कोरू नका. शेवटी कापसाचा बोळा एकाच दिशेनं फिरवा आणि दर वेळी नवा घ्या. तोच बोळा मागे-पुढे घासला की काढलेला मळ पुन्हा पसरतो. गेज सेलोटेपवर उचलून जागेवर बसवा, टेप अर्धा उलगडा, सायनोॲक्रिलेटचा पातळ थर द्या आणि अंगठ्यानं सलग एक मिनिट दाबा. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावर आवळतो. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की तो नीट धरत नाही, वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि लोडखाली घसरतो. सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या वर हवी. तेव्हा गेज चिकटवताना कूलर चालू आणि टेस्ट घेताना बंद. गेज पाच अंश तिरका बसला तर फरक फक्त एक टक्का, त्यासाठी तो उपटू नका.

आता जिथं हमखास फसायला होतं ती जागा, शंट कॅलिब्रेशन (गेजला समांतर रेझिस्टर जोडून माहीत असलेली खोटी स्ट्रेन दाखवायची आणि त्यावरून आकडे जुळवायचे). १८० किलो-ओमचा १ टक्कावाला रेझिस्टर ताणाच्या एका गेजला समांतर जोडा, गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट रोध बदलतो तो आकडा) २ असेल तर त्या गेजवर ९७० मायक्रोस्ट्रेनचा आभास होतो. चिन्ह उलटं येईल, ते बरोबर आहे. पण तुमच्या ब्रिजमध्ये ताणाचे गेज दोन आहेत, म्हणून सरासरी स्ट्रेनच्या हिशेबात हे ९७० नव्हे, ४८५. प्रोग्राममध्ये ९७० टाकलं तर सगळी स्ट्रेन दुप्पट दिसेल, मॉड्युलस ३४-३५ येईल आणि पुन्हा माल डुप्लिकेट वाटायला लागेल.

बाकी टेस्ट सोपी. आधी ३० ते ११० मेगापास्कल दरम्यान दोन-तीनदा चढवून उतरवा म्हणजे जॉ बसतात. मग अर्धा मिमी प्रति मिनिट वेगानं ओढा. एचएक्स७११ दहा नमुने प्रति सेकंदावरच ठेवा, त्या वेगाला तो ५० हर्ट्झचा विजेचा गोंगाट स्वतःच गाळतो. रेषा ३० ते ११० मेगापास्कलमधल्या बिंदूंतूनच बसवा, सुरुवातीचा वाकडा भाग सोडा. जाडी मायक्रोमीटरनं मोजा. ३ मिमीची शीट २.९ भरली तर तिथंच ३ टक्के गेले.

आणि हे सगळं करायच्या आधी, किंवा ते खरं वाटलं नाही तर, फुकटात होणारी एक तपासणी. त्याच शीटची २०० × २० × ३ मिमीची सरळ पट्टी कापा. दोन्ही टोकांपासून ४५ मिमीवर दोऱ्याचे फास घालून आडवी टांगा, मोबाइल मधोमध अगदी जवळ धरा, स्पेक्ट्रमचं कुठलंही ॲप चालू करा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीनं मध्यभागी हलकेच टिचका. ३९० हर्ट्झच्या आसपास शिखर दिसेल. खात्रीसाठी टोकाशी टिचका, १०७५च्या आसपास दुसरं शिखर उठेल. मध्यावर मारल्यावर ते जवळजवळ दिसत नाही, कारण तिथं त्या कंपनाचा स्थिर बिंदू असतो. मॉड्युलस = घनता × (कंप्रता × लांबीचा वर्ग ÷ (१.०२८ × जाडी))², सगळं मीटर आणि किलोग्रॅममध्ये. घनतेसाठी पट्टी सराफाच्या काट्यावर ठेवा, ३२.४ ग्रॅमच्या जवळ भरायला हवी. यात ना ग्रिप आहे ना लोड सेल, म्हणून यूटीएमपेक्षा याच्यावर माझा जास्त भरवसा.

तुमच्या उपग्रहाच्या मॉडेलमध्ये मात्र २४ चुकूनही टाकू नका. कंप्रता मॉड्युलसच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, त्यामुळे १०० हर्ट्झचा सांगाडा कागदावर ५९चा दिसेल आणि तुम्ही उगाच रेल जाड करत बसाल.

दोन्ही पद्धतींनी ६६ ते ७१च्या आत आलात की पुढच्या कामाला लागा. टिचकीच्या तपासणीत ७५ आले तर आधी जाडी पाच ठिकाणी मोजा: घनता वजनावरून काढल्यावर जाडीतली एक टक्का चूक उत्तरात तीन टक्के होऊन येते.