‘काका, मीटर टाका’

पुणे, शनिवार रात्र

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. शाळेत एका स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्याजवळ बसून मदत करणारी, म्हणून लागून तुला दीड महिना झाला, संध्याकाळी तशाच एका मुलीला घरी शिकवायला जातेस, आणि ‘दोघंही माझं ऐकतच नाहीत’ म्हणून रडकुंडीला आलीस. तेव्हा मी नुसतं हं हं केलं. आता सविस्तर लिहिते.

तू फार बोलतेस. राग मानू नकोस, मीही बोलायचे. ‘वही काढ, काढलीस का, अरे निळी वही, बघ सगळ्यांनी काढली!’ स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांना ऐकलेल्याचा अर्थ लागायला वेळ लागतो. पहिलं वाक्य पोचेपर्यंत तुझं चौथं येऊन धडकतं. एकदाच सांग, ‘निळी वही काढ,’ आणि मनात दहापर्यंत मोज. पुष्कळदा सात-आठच्या सुमारास हात दप्तराकडे जातो. नाहीच गेला तर बोलू नकोस, वहीकडे बोट दाखव.

शब्दही जपून वापर. आपल्याकडे ‘पाच मिनिटांत आले’ म्हणजे किती, हे तुला-मला कळतं. घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला सहाव्या मिनिटाला आपण खोटारडे वाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याला आई म्हणाली, ‘अभ्यासाला बस.’ तो बसला. तासाभराने पाहिलं तर बसलेलाच, वही मिटलेली. सांगितलेलं त्याने चोख केलं होतं!

संध्याकाळची मुलगी ‘तुला पाणी हवंय?’ म्हणते आणि तू दर वेळी ‘मला नको’ म्हणतेस. अगं, तहान तिला लागलेली असते. पाणी मिळायच्या आधी आपण जे बोलतो, तेच वाक्य तिने जसंच्या तसं उचललंय. तेव्हा तिच्या बाजूने बोल. ‘मला पाणी हवंय’ असं म्हणत पेला पुढे कर. ‘नीट म्हण, मगच देते’ हे मात्र कधीही करू नकोस.

यात मी स्वतः सपशेल चुकलेली आहे. फार वर्षांपूर्वी एक मुलगा मध्येच ओरडायचा, ‘काका, मीटर टाका!’ मी तीन महिने त्याला समजावत होते की आपण वर्गात आहोत, रिक्षात नाही. तो आणखी चिडायचा, एकदा तर माझ्या हाताला चावला. शेवटी त्याच्या आजीने सहज सांगितलं की थेरपीहून घरी निघताना रोज ती रिक्षात बसून हेच म्हणते. पोरगं तीन महिने मला सांगत होतं, ‘मला घरी जायचंय.’ त्यानंतर मी एक वही केली. विचित्र वाटलेलं प्रत्येक वाक्य, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं. तूही कर. चिडचिड, टेबलाखाली जाऊन बसणं, सगळं त्यात लिही. दोन आठवड्यांनी वाचलंस की बरंचसं आपोआप उलगडतं.

आता घरचा अभ्यास. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात 1972पासून राज्यभर चाललेला टीच नावाचा कार्यक्रम आहे. त्यातली एक गोष्ट मी कधी सोडली नाही. मुलाला चार गोष्टी न विचारता दिसायला हव्यात: काम कुठलं, किती, संपलं हे कसं कळणार आणि पुढे काय. डावीकडे एकेका कामाच्या तीन टोपल्या, उजवीकडे ‘झालं’ची मोठी टोपली. डावीकडचं संपलं की सुट्टी. डावीकडे गुपचूप चौथी टोपली ठेवायचा मोह होईल. ठेवलीस तर विश्वास गेला म्हणून समज. आणि टोपलीत वर्कशीटच हवी असं कोणी सांगितलं? वाटाणे सोलून दहा-दहाचे ढीग करणं हेही गणितच.

शाळेतल्या तुझ्या मुलाला गाड्यांचं वेड आहे, आणि बाई ‘ते आधी बंद करा’ म्हणतात. बंद कशाला? डेक्कन क्वीन पुण्याहून 7:15ला सुटते, मुंबईला 10:25ला पोचते, किती वेळ लागला? जो मुलगा वजाबाकीच्या पानाला हात लावत नाही, तो हे तोंडी सोडवेल.

वर्गात त्याच्या समोर बसू नकोस, किंचित मागे बस. हात धरून लिहून घेत असशील तर आठवड्याभरात मनगटावर ये, मग कोपरावर, मग नुसती खूण. नाहीतर तू रजेवर गेलीस की त्याची पेन्सिलही रजेवर जाते. बाईंनी सूचना त्याचं नाव घेऊन थेट त्यालाच द्यावी, तुझ्यामार्फत नको. हे त्यांना गोडीत सांग.

गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलांचा सराव सुरू होईल. त्या मुलीचं घर तिथून जवळ आहे, तेव्हा अभ्यासाची वेळ आत्ताच दुपारकडे सरकव. हेडफोन आवाज सुरू होण्याआधी लावायचे, कान झाकून ती किंचाळायला लागल्यावर नाही. आणि तसं झालंच, तर त्या वेळी शिकवणं, समजावणं सगळं बंद. दिवा मंद कर, माणसं बाहेर काढ, तू गप्प राहा.

तिच्या आईने कागदपत्रांचं विचारलंय. 2016च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घरी शिकवूनही पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावीला बसता येतं. बाकीचं मी त्यांच्याशी बोलेन.

उद्या सकाळी ये. तिचं दिवसाचं वेळापत्रक चित्रांच्या पट्टीवर करून टाकू. येताना तुळशीबागेतून वेल्क्रो आण आणि फोटो तिच्याच वस्तूंचे काढून आण. इंटरनेटवरचा गुलाबी ब्रश चालणार नाही, तिचा हिरवा आहे म्हणालीस ना?

तुझी,
मावशी