गडाच्या वाटेसाठी स्वयंसेवी क्लब काढायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की पाटगाव भागातली आम्ही काही मुलं मिळून रांगणा गडाच्या वाटेसाठी क्लब काढायचा म्हणतोय. नॉर्वेत बर्फातल्या स्कीच्या वाटा गावोगावचे क्लब बिनपगारी सांभाळतात असं वाचलं, तसं आपल्याकडे जमेल का? आणि माणसं, पैसे, परवानग्या यांचं कसं करायचं?

जमतं. मी कोल्हापूरचा. आमचा ग्रुप पन्हाळा ते पावनखिंड या वाटेचा काही भाग सांभाळतो. त्यामुळे जे सांगतोय ते त्या वाटेवर काम करून कळलेलं आहे.

आधी नॉर्वेचं. तिथली ट्रेकिंग संघटना १८६८ सालची. तिचे स्वयंसेवक उन्हाळी वाटांवर दगडांवर लाल रंगात टी अक्षर काढतात आणि हिवाळ्यात बर्फात फांद्या रोवून वाट दाखवतात. आपण फोटोत पाहतो ती गुळगुळीत पांढरी वाट. पण झुडपं तोडणं, चर मोकळे करणं, ओढ्यावरचे साकव दुरुस्त करणं ही स्कीच्या वाटेची खरी मेहनत बर्फ पडायच्या आधीच उरकलेली असते. त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच. आपला हंगाम पावसाचा, म्हणजे आपलं काम दसऱ्यापासून वळवापर्यंत. जुलैत जो नुसता चालायला येतो तो पाहुणा, आणि पाहुण्यांच्या जिवावर क्लब उभा राहत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं: चालणाऱ्यांचा ग्रुप काढू नका, वाट राखणाऱ्यांचा काढा. चालणारे आपोआप येतात.

आमची वाट तुम्हाला माहीत असेलच. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी बांदलांना घेऊन घोडखिंड, म्हणजे आताची पावनखिंड, लढवली, त्या आठवणीनं दर जुलैत हजारो लोक पन्हाळ्यावरून निघतात. म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी करत पांढरेपाण्याला आणि तिथून खिंडीत. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, बहुतेक वेळ पावसात. एवढे पाय एका महिन्यात एका ओल्या वाटेवर पडले की काय होतं, ते ऑगस्टमध्ये जाऊन बघा. चिखल टाळायला प्रत्येक जण थोडा बाजूनं जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूनं, आणि दोन हात रुंद पायवाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. शेताजवळ असेल तर बांध फुटतो. नेमकी तेव्हाच भाताची रोपलावण चाललेली असते.

आता मुख्य गोष्ट. वाट बिघडते ती पाण्यानं. करपेवाडीच्या बाजूला एका धनगर आबांनी आमचं काम बघून सांगितलं होतं, "पोरांनू, पान्याला आडवू नगा, त्येला त्येची वाट काढून द्या, म्हंजे त्ये तुमची सोडंल." वाट सांभाळण्याचं सगळं शास्त्र त्यात आलं. उतारावरच्या पायवाटेवर पाणी एकदा लांबीनं वाहू लागलं की पहिल्या पावसाळ्यात बोटभर घळ पडते, तिसऱ्या पावसाळ्यात गुडघाभर, आणि मग त्या ओहोळातून कुणी चालत नाही. बाजूला नवी वाट पडते, तिचीही तीच गत होते.

उपाय साधा आहे, पण हात दुखवणारा. वाटेला आडवा, पण काटकोनात नव्हे, तिरका चर काढायचा. काटकोनातला चर एका पावसात गाळानं भरतो. तिरक्यातून पाणी पळतं आणि गाळही घेऊन जातं. चराच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ लावायची. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत पुरलेला हवा, नाहीतर पहिल्याच गुराच्या खुरानं हलतो. चराचं तोंड वाटेच्या कडेला आणून सोडून देऊ नका. पुढं चार-पाच हात न्या आणि गवतात किंवा खडकाळ जागेत सोडा. कुणाच्या शेतात तर चुकूनही सोडू नका. चढ जितका खडा, तितके चर जवळजवळ. आणि वाटेची पातळी दरीच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, म्हणजे पाऊस पडला तिथूनच खाली जातो, वाटेवर साठत नाही.

पायऱ्या करण्याचा मोह होईल, कारण त्या फोटोत छान दिसतात. आमचा अनुभव असा की जिथं टेकू नाही तिथल्या मातीच्या पायऱ्या लोक वापरतच नाहीत, कडेनं उतरतात, आणि पाणी त्या कडेनंच माती ओढून नेतं. वळणाच्या वाटेवर मधून मारलेले शॉर्टकट मात्र लगेच बंद करा. वर आणि खाली, दोन्ही तोंडांना वाळलेल्या करवंदीच्या काटेरी फांद्या टाकायच्या. एका बाजूनं टाकल्या तर दुसऱ्या बाजूनं लोक शिरतातच.

चर कुठं काढायचा हे घरी बसून किंवा उन्हाळ्यात ठरवता येत नाही. जोराच्या पावसात, काम न करता, फक्त बघायला जा. पाणी कुठून वाटेवर येतं, कुठपर्यंत वाहतं, कुठं उतरतं ते वहीत टिपा. मोबाइल त्या पावसात चालत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही आणि शिसपेन्सिल, एवढं बास. कामाची यादी त्याच दिवशी तयार होते.

खुणांचं वेगळं सांगतो, कारण इथं चांगल्या मनाची माणसं फार नुकसान करतात. मसाई पठारावर जुलैत धुकं असं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही, आणि सपाट कातळावर पायवाटही उमटत नाही. खुणा लागतातच. म्हणून लोक पठारावरचेच सुटे दगड उचलून राशी रचतात. तसं करू नका. जांभ्याच्या पठारावर माती अशी फारशी नसतेच. त्या दगडांखालचा ओलावा म्हणजे बेडूक, विंचू, लहान साप यांचं घर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात याच उथळ ओलीत सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारी दवबिंदूची रोपं फुलतात. मसाई पठाराला आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, त्यामुळे तिथं काही हलवण्याआधी वनखात्याला विचारणं भाग आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही हंगामापुरत्या बांबूच्या काठ्या, वर रंगीत फडकं बांधून, पठाराच्या दोन टोकांच्या मध्ये ठेवतो आणि गर्दी ओसरली की काढून आणतो. तैलरंगाचे बाण नकोत. गडाच्या तटावर तर अजिबात नकोत. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीतही गेलाय. तिथं एक चुन्याची रेघसुद्धा आपल्या अधिकारातली नाही.

झुडपांचं काम दसरा-दिवाळीच्या दरम्यान. रानमोडी आणि घाणेरी वाटेवर झपाट्यानं पसरतात. रानमोडी फुलायच्या आधी काढली तरच उपयोग, बी उडायला लागल्यावर तोडणं म्हणजे पेरणी करणं. नुसती कोयत्यानं छाटली तर पुन्हा फुटते, टिकावानं मुळासकट काढावी लागते. कारवी, करवंद, तोरण यांना हात लावायचा नाही. वाटेत डोळ्यांवर येणारी फांदी असेल तर तेवढीच, आणि वनरक्षक सोबत असतानाच. राखीव वनात विनापरवाना फांदी तोडणं हाही गुन्हा होतो.

परवानग्यांसाठी तीन दारं ठोठवावी लागतात. वनक्षेत्रपालांना लेखी पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि जमीनमालकाचा शब्द. तिसरं दार बहुतेक लोक विसरतात. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात पुष्कळ रान मालकीचं आहे. जंगल दिसलं म्हणजे ते सरकारी असं धरून चालू नका. बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकांशी ओळख ठेवा. गवे कुठं आहेत, कुठल्या बाजूला वणवा लागलाय, हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. फेब्रुवारीत वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला माणसं लागतात, तेव्हा न बोलावता जा. त्या दोन दिवसांनी पुढच्या वर्षभराचे संबंध तयार होतात.

वाडीतल्या लोकांबद्दल माझं ठाम मत आहे. स्वयंसेवा आपण करायची, त्यांच्याकडून तिची अपेक्षा करायची नाही. आपण रविवारी हौसेनं खोरं हातात घेतो, त्यांचा तो कामाचा दिवस असतो. जड दगड काढायला, साकवाला लाकूड बसवायला वाडीतली माणसं घेतली तर रोजगार द्या, आणि गावात चालू असेल तोच दर द्या. मुक्कामाला मावशी भाकरी-पिठलं करतात त्याचे पैसे ताटामागे ठरवून, निघण्याआधी हातात द्या. गुरांसाठी वाटेत ताटी लावलेली असेल तर उघडून जाताना मागच्या माणसानं ती लावायचीच. ही छोटी गोष्ट नव्हे, रात्रीत गुरं भातात शिरली तर त्या घराचं वर्ष जातं.

माणसं टिकवण्याचं म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेकडो असतात आणि टिकाव धरायला मोजकेच येतात. त्यावर नाराज होऊ नका. वाटेचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा दोघांच्या नावावर करा. एक अनुभवी, एक नवा. "सगळ्यांची वाट" म्हटली की कुणी येत नाही. "ओढ्यापासून वडापर्यंत तुझी" म्हटलं की तोच पोरगा पहिल्या पावसात स्वतःहून चर बघायला जातो. कोल्हापुरात तालमी अशाच चालत आल्यात. आखाडा कुणी खणायचा, माती कुणी मळायची हे ठरलेलं असतं आणि ते काम मिळणं हा मान असतो.

अवजारांसाठीही एकच जबाबदार माणूस नेमा. आमच्याकडे तो आदल्या रात्री टिकाव-खोऱ्यांचे दांडे पाण्यात बुडवून ठेवतो, म्हणजे लाकूड फुगतं आणि पातं निसटत नाही. उन्हाळ्यात सैल झालेला टिकाव मागच्या माणसाच्या डोक्यात बसू शकतो. बुट्ट्या, पहार, कोयते मोजून न्यायचे, मोजून आणायचे.

पैशाला सुरुवातीला फार काही लागत नाही. वर्गणी ठेवा, वहीत लिहा, महिन्याला सगळ्यांना दाखवा. एक-दोन हंगाम नीट गेले की मग नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, धर्मादाय कार्यालयात जावं लागतं, आणि नंतर दरवर्षीचा लेखापरीक्षणाचा खर्च कायमचा मागं लागतो. देणग्या येणार असतील तरच ती घाई करा. दुसरं, लोकांकडून शुल्क घेऊन ट्रेक न्यायचे असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते काम आणि वाटेचं काम, दोन्ही एका वहीत मिसळू नका. एकदा पैसे घ्यायला लागलात की जुलैची गर्दी वाढावी असं वाटायला लागतं, आणि वाटेला ते सोसत नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात: सगळ्यात मागं नेहमी जाणता माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं की थांबायचं, कितीही जण पलीकडे गेलेले असोत. सापानं चावा घेतला तर कापाकापी, आवळून बांधणं काही नको. माणसाला न चालवता उचलून रस्त्यापर्यंत आणायचं, १०८ ला फोन, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते निघण्याआधीच माहीत हवं.

आता तुमच्या रांगण्याकडे. भटवाडीपासून चिक्केवाडीकडे जाणारी वाट गाडीची कच्ची वाट आहे, म्हणजे तुमचा प्रश्न आमच्याहून वेगळा. चाकांच्या दोन चाकोऱ्या म्हणजे दोन पाट, पाणी त्यातूनच धावणार. माणसांच्या वाटेचे चर तिथं पुरणार नाहीत. जास्त रुंद आणि उथळ काढा, म्हणजे चाक आपटणार नाही आणि गाडीवाला तो बुजवणार नाही. हे काम गावच्या गाडीवाल्यांना विचारल्याशिवाय करू नका, त्यांची रोजची वाट आहे ती. आणि पाटगाव मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलंय, तेव्हा कुठलं झुडूप कधी फुलतं आणि काय तोडायचं नाही हे तिथले मधपाळ तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगतील. पहिली बैठक त्यांच्याबरोबरच घ्या.

अवजारं विकत घ्यायची घाई करू नका. आमचं दिवाळीपर्यंतचं झुडपांचं काम संपलं की जानेवारीपर्यंत टिकाव आणि पहारी मोकळ्या असतात. इथंच कळवा, गारगोटीपर्यंत कुणाच्या तरी गाडीतून पाठवून देतो.