सीगलला मराठीत काय म्हणायचं?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘जानेवारीत हर्णैला पहाटेच्या मतलई वाऱ्यात कुडकुडत सीगल पाहिले. पुढच्या रविवारी भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, तेच पक्षी! लेक म्हणाली, इथे समुद्र कुठाय? सीगलला मराठीत समुद्रपक्षी म्हणावं का? आणि बाकीच्यांना सरसकट बदकं म्हटलं तर चालेल?’

समुद्रपक्षी नको. आपल्याकडे सुटसुटीत शब्द आहे, कुरव. ‘सीगल’मधल्या ‘सी’मुळे समुद्र डोक्यात शिरतो आणि धरणावर दिसलेला पक्षी वाट चुकल्यासारखा वाटतो. भिगवणला थव्याने दिसतो तो बहुतेक तपकिरी डोक्याचा कुरव. त्याची वीण लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी होते. म्हणजे माहेर तळ्याकाठचं. किनारा काय नि धरण काय, दोन्ही हिवाळ्यातली बिऱ्हाडं. ‘कुरव’ शब्दात समुद्र नाहीच, म्हणून तो दोन्हीकडे शोभतो.

नावावरून मात्र गोंधळू नका. जानेवारीत त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका. परतीच्या आधी, मार्चच्या सुमारास, डोक्यावर कॉफीचा रंग चढतो.

शब्द पुल्लिंगी : एक कुरव, चार कुरव, कुरवाची चोच, कुरवांचा थवा. ‘सीगल्स’मधला ‘स’ तर मराठीत अजिबात नको.

कुरवाशेजारीच सुरय दिसतो आणि नावं कानाला सारखी वाटत असल्याने दोन्हींची अदलाबदल होते. उजनीवर बारमाही असतो तो नदीसुरय : पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी, अंगाने सडपातळ. तो पाण्यावर घिरट्या घालत मासा हेरतो आणि वरून सूर मारतो. कुरव पाण्यावर निवांत तरंगत बसतो आणि कर्कश ओरडतो. सूर मारणारा सुरय, कर्कश रव करणारा कुरव. ही व्युत्पत्ती नव्हे बरं का, लक्षात ठेवायची खूण आहे. मला ती फार उपयोगी पडली.

आता बदकं. सरसकट म्हणायचंच तर ‘पाणपक्षी’ म्हणा, कारण त्यात वारकरीही येतो, आणि तो बदक नाही. काळ्या अंगाचा, कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा पट्टा असलेला. चांदवा हेही त्याचंच नाव. बदकांनाही एकेकट्याची नावं आहेत. पसरट चोचीचा तो थापट्या. आणि माझं सर्वांत लाडकं नाव हळदी-कुंकू. दुर्बिणीतून चोच नीट बघा : काळी चोच, टोकाला हळदीचं बोट आणि मुळाशी, कपाळाला लागून, कुंकवाचे दोन ठिपके. लेकीला हे दाखवायला भिगवण गाठायलाच हवं असं नाही. सोलापूर रस्त्याला कवडीपाटच्या बंधाऱ्यावर सकाळी लवकर गेलात तर तिथेही भेटेल.