पीपीएफ लावायच्या आधी एवढं बघ

पीपीएफ म्हणजे गाडीचा रंग जपायला वरून लावायची पारदर्शक फिल्म. नवी गाडी आहे, तर आधी फिल्म कशाची ते विचार. टीपीयू हवी, म्हणजे लवचिक, ताणलं जाणारं प्लास्टिक. पीव्हीसी स्वस्त पडते, पण उन्हात लवकर पिवळी आणि कडक होते, मग काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन पुरे. त्याहून जाड घेतली तर वळणावर ती नीट बसत नाही, कडा उचलतात.

खरं सांगू? फिल्मपेक्षा लावणाऱ्याचा हात महत्त्वाचा. त्याने आधी लावलेली, वर्षभर वापरलेली गाडी बघायला माग. दाराच्या कडेवर नख फिरव. फिल्म आत दुमडलेली असेल तर नख अडकत नाही, अडकलं तर तिथे पुढे काळी रेघ धरणार. आणि फिल्म कापताना ब्लेड थेट रंगावर चालवतो का, हे तोंडावर विचार. माझ्या आधीच्या गाडीच्या बॉनेटवर तशी एक बारीक रेघ होती, फिल्म काढल्यावर कळली.

पूर्ण गाडीचं बजेट नसेल तर बंपर, बॉनेट, आरसे एवढं कर. उडालेले खडे तिथेच जास्त लागतात.

लावल्यावर आठवडाभर धुऊ नकोस. पाण्याचे बारीक फुगे दिसतील, घाबरून टोचू नकोस, बहुतेक आपोआप सुकतात. प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर जवळून कधीच मारायचा नाही. पक्ष्यांची घाण मात्र त्याच दिवशी, ओल्या फडक्याने भिजवून. फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने भरतात, खोल चीर नाही.