बायको पासवर्ड मागते तर द्या, पण लिहून देऊ नका

बायको फोनचा पासवर्ड मागतेय, काय करू, ही तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, माझीच जुनी कटकट कुणीतरी नाव बदलून टाकलीय. मीही बडोद्याचाच. तुमचंही अगदी तेच, लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरात्र, गरब्याच्या ग्रुपवर मध्यरात्रीनंतर आलेला एक मेसेज, 'हा कोण?', मग 'फोन दाखव', मग 'पासवर्ड दे, नाहीतर लपवतोयस'. आणि आता तुमच्या सासरेबुवांचं म्हणणं, चौघांसमोर बसून मिटवून टाकू.

विश्वास, संवाद वगैरे तुमच्या पोस्टखाली इतरांनी लिहिलंच आहे. बरोबर आहे, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते त्या 'बसून मिटवू'बद्दल.

आम्हालाही असंच एका सल्ला केंद्रात नेलं होतं. नाव घेत नाही, शोधूही नका. टेबलावर काच, काचेखाली जुनं कॅलेंडर, पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. आमचं पाच मिनिटं ऐकलं असेल-नसेल, म्हणाले, दोघांचे फोन इथे ठेवा, स्क्रीन वर करून. ठेवले. तेवढ्यात माझा फोन उजळला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम पुढे. गॅस सिलिंडरचा ओटीपी होता! तरी साहेबांचं सुरूच, "छुपाववा जेवुं कंई नथी तो आपी दो ने!" (लपवण्यासारखं काही नाही तर देऊन टाका ना!) सासरे मान डोलावताहेत, माझी आई पदराशी चाळा करतेय. अशा वेळी 'नाही' म्हटलं की तुम्ही गुन्हेगारच. शेवटी त्यांनी साध्या कागदावर मजकूर सांगितला, की दोघं एकमेकांना सगळे पासवर्ड देतील आणि 'कधीही, कुठेही' फोन पाहता येईल. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. काम फत्ते, पुढचं जोडपं आत.

त्या 'कधीही, कुठेही'नं माझं घर उसवलं.

बायकोनं माझं व्हॉट्सॲप तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडलं. चोरून नाही हं, कागदावर लिहिलंच होतं. फोन हातात असेल आणि लॉक उघडता येत असेल तर क्यूआर स्कॅन करायला अर्धा मिनिटही लागत नाही. पुढे माझा फोन माझ्या खिशात असला तरी तिकडे सगळं दिसत राहतं. त्या गरब्याच्या मेसेजचं काहीच निघालं नाही, निघण्यासारखं नव्हतंच. निघालं ते माझ्या धाकट्या बहिणीचं. ती सुरतला असते, मूल होण्यासाठी उपचार चालू होते. तिनं ते फक्त आईला आणि मला सांगितलं होतं, नवऱ्याच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. बायकोनं वाचलं, हळहळली, आणि हळहळीतच तिच्या आईला सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बहीण आली होती, तर वाण देता देता कुणीतरी भरल्या घरात विचारलं, "काय गं, डॉक्टर काय म्हणतात?" बहीण तशीच उठून गेली. त्या वर्षी राखी टपालानं आली. पाकिटात चिठ्ठी नाही, वर फोनही नाही.

मी केंद्रात परत गेलो होतो. साहेब म्हणाले, "बहिणीनं असलं व्हॉट्सॲपवर लिहायचंच कशाला?" आणि पुन्हा फाइलीत डोकं.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या. आपल्या फोनमध्ये आपलं स्वतःचं फार थोडं असतं. बहिणीचं आजारपण, मित्राचं कर्ज, ऑफिसातल्या कुणाची घरची भानगड, हे त्यांनी आपल्यावर विश्वासून ठेवलेलं असतं. ते बायकोला वाचू द्यायचा हक्क मला कुणी दिला? बायकोला तोंडावर हेच सांगा. 'माझी प्रायव्हसी' म्हटलंत की भांडण वाढतं, 'माझ्या बहिणीची गोष्ट आहे' म्हटलं की माणूस थांबतो. निदान माझी बायको थांबली, पण फार उशिरा. ती वाईट नाही, आजही एकत्रच आहोत आम्ही.

लॉकचा नंबर मात्र जरूर द्या. अपघात झाला, ॲडमिट व्हावं लागलं तर तो घरात कुणाला तरी माहीत हवा. आपण गाडी चालवत असताना तिनंच आपला फोन उचलायचा असतो. नंबर माहीत असणं वेगळं आणि रोज रात्री झडती वेगळी.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयानं म्हटलं की नवरा बायकोवर फोनच्या किंवा बँकेच्या पासवर्डची सक्ती करू शकत नाही. बायकोनं नवऱ्यावर सक्ती करण्याबाबतही मी तरी तसंच धरतो. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं नवरा-बायकोच्या वादात गुपचूप केलेलं कॉल रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल असंही सांगितलंय, तेव्हा रागाच्या भरात फोनवर काय बोलता ते जपून. परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याच्या फोनमधली माहिती काढली तर आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आता तुम्हीच चौघांसमोर सही करून परवानगी दिलीत तर तक्रार कसली करणार? म्हणून म्हणतो, लिहून देऊ नका. सासरेबुवा रुसले तर रुसू देत, सेव उसळ खाऊ घाला, निवळतील.

आणखी एक, 'माझं बोट तुझ्या फोनमध्ये घालू' हा गोड प्रकार टाळा. बऱ्याच बँक ॲप्सना फोनमध्ये नोंदलेलं कुठलंही बोट चालतं. यूपीआयचा पिन तर कुणालाच नाही, बायको असो की बाप.

हे सगळं आमच्यासारख्या साध्या संशयाबद्दल. कुणी पासवर्डसाठी हात उगारत असेल, घरात कोंडत असेल, तर माझं वरचं सगळं सोडा. बायकांसाठी गुजरातेत १८१ 'अभयम' ही हेल्पलाइन आहे, तिथे लगेच फोन करा.

तुमच्यापुरतं, आज रात्रीच व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. जास्तीत जास्त ४ जोडता येतात, आणि प्रत्येक कधी शेवटचं चालू होतं ते तिथे दिसतं. अनोळखी काही दिसलं तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग लॉगआउट करा. आणि बायकोला विचारायचं ते सकाळी, चहा झाल्यावर.